रिन्युअलचं पत्र आलं की आधी वयं लिहून काढा

टेक्सासात, डॅलसला लागून असलेल्या अर्व्हिंगमध्ये माझं पोळी-भाजी आणि फराळाचं किचन आहे. २००९ साली सुरू केलं तेव्हा मी आणि दोन बायका होतो. आता नऊ माणसं पगारावर आहेत, त्यातली पाच पूर्ण वेळ. किचनचे हिशेब मीच बघते, त्यामुळे आरोग्य विम्याचं काम पहिल्यापासून माझ्याच गळ्यात आहे. इथे दुकान, डे-केअर, दातांचा दवाखाना, गॅस स्टेशन चालवणारी आपली माणसं दर हिवाळ्यात फोन करतात, "पुढच्या वर्षीच्या विम्याचं रिन्युअल आलंय, आकडा बघून पोटात गोळा आला, आता काय करू?" फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगते ते एकदा सलग लिहावं म्हटलं.

सुरुवात जुन्या दिवसांपासून करते, कारण त्याशिवाय आजचा आकडा कळत नाही.

२०११ मध्ये मी पहिल्यांदा ग्रुप विमा, म्हणजे कामावरच्या सगळ्यांचा मिळून एक विमा, घेतला. तेव्हा प्रत्येकीकडून तब्येतीचा फॉर्म भरून घ्यावा लागे. आमच्याकडे पोळ्या लाटणाऱ्या काकू होत्या, त्यांना मधुमेह. फॉर्म हातात धरून त्या ओट्याशी उभ्याच राहिल्या. "मी नाव नाही घालत यात, माझ्यामुळे सगळ्यांचं महाग होईल," म्हणाल्या. मी ऐकलं नाही, त्यांचं नाव घातलं. पुढच्या वर्षी एकीला ऑपरेशन लागलं आणि रिन्युअल २४ टक्के चढून आलं. त्या काळी विमा कंपनी छोट्या ग्रुपचा दर ठरवताना आजारपण बघायची, धंदा कुठला ते बघायची, बायका किती आणि पुरुष किती तेही बघायची. आमच्यासारख्या बायकांच्या किचनला सगळीकडून मार. २०१३ मध्ये मला तो विमा बंद करावा लागला. ते सांगायला मी काकूंच्या समोर बसले होते. तो दिवस मी विसरलेले नाही.

ओबामाकेअरवर, म्हणजे अमेरिकेच्या नव्या आरोग्य विमा कायद्यावर, सही झाली २३ मार्च २०१० रोजी, पण आपल्यासारख्यांना खरा फरक पडला तो १ जानेवारी २०१४ पासून. तेव्हापासून पन्नासपर्यंत माणसं असलेल्या ग्रुपचा दर चारच गोष्टींवर ठरतो: वय, राहण्याचा भाग, तंबाखू आणि घरातली किती माणसं विम्यात आहेत. तब्येत, धंदा, बाई की पुरुष, हे सगळं बाद. म्हणजे खर्च नाहीसा झाला नाही, तो आजारावरून वयावर सरकला. ज्यांच्याकडे पंचविशीतली पोरं होती त्यांचे दर चढले आणि त्यांनी कायद्याला शिव्या घातल्या. ज्यांच्याकडे माझ्यासारखी पन्नाशी-साठीची, दुखणी असलेली माणसं होती, त्यांना परत दार उघडलं. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं आहे.

म्हणून रिन्युअलचं पत्र आलं की एकूण आकड्याकडे बघत बसू नका. कागद घ्या, प्रत्येकाचं वय लिहा. टेक्सासात केंद्राचाच ठरलेला वयाचा तक्ता चालतो. २१ ते २४ वयाला १ धरतात. ३० ला १.१३५, ४० ला १.२७८, ५० ला १.७८६, ६० ला २.७१४ आणि ६४ ला बरोबर ३. तिपटीच्या वर जायला कायद्याची परवानगी नाही. काही राज्यांचे तक्ते वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये तर वयाचा फरकच करत नाहीत.

समजा २१ वर्षांच्या माणसाचा दर महिना ४०० डॉलर आहे. (वयं मी सोयीसाठी गोल केली आहेत, पण माझं किचन साधारण असंच आहे.) चोवीस वर्षांची मुलगी ४००. तिशीतली ४५४. चाळिशीतली ५११. पन्नाशीतली ७१४. आणि साठीच्या काकू १,०८६. एकूण ३,१६५ डॉलर महिना. यात काकू एकट्या तिसऱ्या हिश्शाच्या आहेत. आता पुढच्या वर्षी विमा कंपनीने मूळ दर एक पैशानेही वाढवला नाही, तरी पाचही जणी एकेक वर्षाने मोठ्या झाल्या, म्हणून बिल वाढणारच. आणि पन्नाशीनंतर ही चढण उभी होते: ५० ला १.७८६ आणि ५५ ला २.२३०. एजंट "बाजारच वाढलाय" म्हणाला तर त्याला हा तक्ता दाखवा आणि विचारा, वयामुळे किती वाढलं आणि मूळ दर किती वाढला? दोन्ही आकडे वेगळे करून मागा. मूळ दर वाढला असेल तर दुसऱ्या कंपनीकडे जाऊन उपयोग होऊ शकतो. वयामुळेच वाढलं असेल तर सगळीकडे तेच होणार, धावपळ करू नका.

मुलं विम्यात घेत असाल तर एकवीसच्या खालच्या मुलांपैकी फक्त मोठ्या तिघांचेच पैसे लागतात, चौथं फुकट. एकवीस ते सव्वीस मात्र प्रत्येकाचे लागतात.

हे झालं दराचं. आता तुम्हाला विमा देणं भाग आहे का? पन्नासच्या आत असाल तर नाही. दंडही नाही. मला फोन करणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना हे माहीत नसतं आणि ते उगाच घाबरलेले असतात. पण पन्नास मोजताना दोन ठिकाणी गडबड होते. एक म्हणजे अर्धवेळ माणसं. आठवड्याला ३० तास भरले की माणूस पूर्ण वेळ. बाकीच्यांचे महिन्याचे तास एकत्र करून १२० ने भागायचे. ३८ पूर्ण वेळ आणि २० मुलं महिन्याला ८०-८० तास करणारी, असं असेल तर १,६०० भागिले १२० म्हणजे तेरा. ३८ आणि १३ मिळून ५१ झाले. दुसरी गडबड मोठी आहे. आपल्याकडे तीन गॅस स्टेशनांच्या तीन एलएलसी, म्हणजे तीन वेगळ्या कंपन्या, काढतात आणि म्हणतात, प्रत्येकीत वीसच माणसं. मालक तोच असेल तर आयआरएस, म्हणजे केंद्राचं कर खातं, तिन्ही एकत्र मोजतं. नवरा-बायकोच्या नावाने वाटून ठेवलं तरी बहुतेक वेळा सुटका नाही. साठ माणसं झाली, विमा दिला नाही आणि त्यातल्या एकाने जरी मार्केटप्लेसवर (स्वतःपुरता विमा घ्यायचा सरकारी बाजार) सबसिडी, म्हणजे हप्त्याला सरकारी मदत, घेतली तरी दंड लागू होऊ शकतो. दुसरं दुकान उघडण्याआधी सीपीएला, म्हणजे कराचं काम बघणाऱ्या हिशेबतज्ज्ञाला, हे विचारा, नंतर नाही.

२०१४-१५ मध्ये मी केलेली चूक सांगते, कारण आजही लोक तीच करतात. ग्रुप विमा बंद झाल्यावर एका हिशेबनिसाने मला सांगितलं, "प्रत्येकीला आपापला विमा घेऊ दे, तू पावती बघून रोख पैसे दे, पगारात दाखवू नकोस." मला सोपं वाटलं. मी पाच जणींना तसे पैसे देत राहिले. मग कळलं की नव्या कायद्यात हे चालत नाही आणि माणशी दिवसाला १०० डॉलर दंड आहे. पाच माणसं म्हणजे रोजचे ५००. छोट्या धंद्यांना ३० जून २०१५ पर्यंत माफी होती, आणि मला जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या एका बाईंनी सावध केलं. त्याच दिवशी बंद केलं. पैसे द्यायचेच असतील तर पगारवाढ म्हणून द्या, कर कापून, आणि त्यावर "विमा घेतलास तरच" अशी अट घालू नका. ते पूर्णपणे कायदेशीर आहे. अट घातली, पावती मागितली की ती योजना झाली आणि तिला नियम लागले.

पावती बघून करमुक्त पैसे देण्याची रीतसर वाट डिसेंबर २०१६ मध्ये निघाली, तिला क्यूसेहरा म्हणतात. पन्नासच्या आतल्या आणि ग्रुप विमा नसलेल्या धंद्यांसाठी आहे. २०२६ ला एकट्या माणसासाठी वर्षाला ६,४५० डॉलर आणि कुटुंबासाठी १३,१०० ही कमाल मर्यादा. सगळ्या पूर्ण वेळ माणसांना सारख्याच नियमाने द्यायचं, वर्ष सुरू होण्याच्या ९० दिवस आधी लेखी कळवायचं, डब्ल्यू-२ वर (माणसाला वर्षाअखेर द्यायचा पगाराचा कर-फॉर्म) बारा नंबरच्या चौकटीत एफएफ कोडने दाखवायचं. शिवाय जुलैअखेर फॉर्म ७२० वर माणशी काही डॉलरची एक फी भरायची असते, ती जवळजवळ सगळे विसरतात. २०२० पासून इक्रा नावाची मोठी बहीणही आली आहे, तिला रकमेची मर्यादा नाही.

पण क्यूसेहरा घेण्याआधी थांबा. मी २०२१ मध्ये घेतली आणि वर्षभरात बंद केली. का ते नीट सांगते. तुम्ही दिलेले पैसे त्या माणसाच्या मार्केटप्लेसच्या सबसिडीतून डॉलरला डॉलर वजा होतात, आणि तुमच्या पैशांमुळे विमा "परवडणारा" ठरला तर सबसिडी पूर्णच जाते. २०२१ मध्ये सबसिडी वाढली होती. आमच्या दोघी मेक्सिकन बायकांना घरचं उत्पन्न कमी असल्यामुळे सरकारकडून बरंच मिळालं असतं. मी महिन्याला २०० डॉलर देत होते आणि त्यांच्या हातात जास्तीचं काहीच पडत नव्हतं, सरकारचे २०० वाचत होते. त्यांच्यातली एक मला बिल दाखवायला घेऊन आली, स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलत होती, मी नुसती बघत राहिले. चांगल्या मनाने केलेली मदत कुणापर्यंतच पोचली नव्हती. कमी पगाराच्या माणसांना त्या काळात साधी पगारवाढ हजारपट बरी होती. ज्यांच्याकडे जास्त पगाराची माणसं आहेत, सबसिडी तशीही मिळत नाही, त्यांना मात्र क्यूसेहरा छान बसते. दातांचा दवाखाना असेल तर जरूर बघा.

म्हणजे वयाच्या शेजारी दुसरा रकाना लागतो, घरच्या उत्पन्नाचा. तो तुम्ही भरायचा नाही, आणि कुणाला विचारायचाही नाही. हेल्थकेअर डॉट गव्ह या मार्केटप्लेसच्या साइटवर मालकाने भरून द्यायचा एक पानी फॉर्म असतो, तो भरून प्रत्येकीच्या हातात द्या, पुढचं गणित तिचं ती करेल. पण गणित कसं होतं ते तुम्हाला माहीत हवं.

ग्रुप विमा दिलात तर सरकार विचारतं, फक्त त्या एका माणसाच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनसाठी त्याच्या खिशातून जाणारा हप्ता घरच्या उत्पन्नाच्या किती टक्के? २०२६ साठी ही रेघ ९.९६ टक्के आहे. त्याच्या आत असेल आणि प्लॅन बऱ्यापैकी असेल तर विमा परवडणारा, म्हणजे मार्केटप्लेसची सबसिडी नाही. समजा घरचं उत्पन्न ३६,००० आहे. रेघ पडते महिन्याला साधारण २९९ डॉलरवर. मी प्रत्येकीचा अर्धा हप्ता भरते. चाळिशीतल्या बाईच्या वाट्याला येतात ५११ चे निम्मे, २५६. परवडणारा ठरला. काकूंच्या वाट्याला येतात १,०८६ चे निम्मे, ५४३. परवडणारा ठरला नाही! म्हणजे काकू ग्रुपमध्ये न येता मार्केटप्लेसवर सबसिडी घेऊन स्वतःचा विमा घेऊ शकतात, आणि त्यांच्यासाठी बऱ्याचदा तेच स्वस्त पडतं. मालकिणीचेही ५४३ वाचतात. मात्र त्या ग्रुपमध्ये आल्या की सबसिडीचा विषय संपला. कुटुंबाचं गणित २०२३ पासून वेगळं धरतात: बाईला तुमचा विमा परवडला तरी नवरा-मुलांसकट हप्ता रेघेच्या वर गेला तर घरचे मार्केटप्लेसवर सबसिडी घेऊ शकतात. हे मी सगळ्यांना सांगते, कारण छोट्या धंद्यात घरच्यांचा हप्ता कुणी भरत नाही आणि बायका पगाराचा मोठा भाग त्यात घालत बसतात.

२०२५ अखेर ती वाढीव सबसिडी संपली. आता केंद्राच्या गरिबीरेषेच्या चौपटीच्या वर एक डॉलर गेला तरी काही नाही. २०२६ साठी एकट्या माणसाला ६२,६०० आणि चौघांच्या घराला १,२८,६००. नवरा-बायको दोघं कमावत असतील तर ही रेघ चटकन ओलांडली जाते. आमच्याकडे तिघींना झटका बसला. म्हणून मी गेल्या हिवाळ्यात पुन्हा ग्रुप विमा घेतला.

करातून काय परत मिळतं? आधी मोठं सांगते. पंचवीसच्या आत माणसं, सरासरी पगार कमी आणि मालकाने निदान निम्मा हप्ता भरला असेल, तर फॉर्म ८९४१ भरून भरलेल्या पैशांच्या ५० टक्क्यांपर्यंत क्रेडिट, म्हणजे करात थेट वजावट, मिळतं. विमा 'शॉप' (छोट्या धंद्यांसाठीचा सरकारी विमा बाजार) म्हणून मान्य असलेलाच हवा, आणि लागोपाठ दोनच वर्षं मिळतं. दहापर्यंत माणसं असतील तर पूर्ण, पुढे कमी होत जातं. पगाराची मूळ मर्यादा कायद्यात पूर्ण क्रेडिटला २५,००० आणि शून्य होण्याला ५०,००० होती, ती दर वर्षी महागाईप्रमाणे वाढते; त्या वर्षीच्या फॉर्मच्या सूचनांत बघा.

मोजणी अशी. २०१६ मध्ये माझा पुन्हा ग्रुप विमा होता. तेव्हा माझी नऊ माणसं, वर्षाचे एकूण तास १४,५६०. भागिले २,०८० (एका पूर्ण वेळ माणसाचे वर्षाचे तास) म्हणजे सात. एकूण पगार १,५२,८८०, भागिले सात म्हणजे २१,८४०. तो खाली हजारावर आणतात, म्हणजे २१,०००. पूर्ण क्रेडिट. मी ११,४०० भरले होते, ५,७०० परत मिळाले. पुढच्या वर्षीही मिळालं. ज्यांनी कधीच घेतलं नाही त्यांची दोन वर्षं अजून शिल्लक आहेत, आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

यात आपल्या लोकांनी एक लक्षात ठेवावं. मालक, त्याची बायको किंवा नवरा, मुलं, आई-वडील, भाऊ-बहीण, दीर, नणंद, भाचा, पुतणी, जावई, सासू-सासरे, यातलं कुणीही कामावर असलं तरी या मोजणीत धरायचं नाही. तासही नाहीत, पगारही नाही, हप्ताही नाही. माझा भाचा डिलिव्हरी करत होता, त्याला मी धरला होता. सीपीएने लाल पेनाने खोडला. आणि धंद्यात नुसते नवरा-बायकोच असाल तर तो ग्रुपच होत नाही, निदान एक बाहेरचा पगारी माणूस हवा.

लहान दोन गोष्टी. माणसांच्या पगारातून कापला जाणारा हप्ता करापूर्वी कापायला सेक्शन १२५ ची लेखी योजना करून घ्या. त्या रकमेवरचा ७.६५ टक्के पेरोल टॅक्स त्यांचाही वाचतो, तुमचाही. एस-कॉर्पच्या (कंपनीचा एक प्रकार) मालकाला स्वतःसाठी ही सोय नाही, त्याचा हप्ता डब्ल्यू-२ मध्ये दाखवून मग वजा मिळतो. आणि छोट्या ग्रुपच्या विमा कंपनीला हप्त्यांतले ८० टक्के औषधोपचारावर खर्च करावे लागतात, नाही केले तर सप्टेंबरअखेरपर्यंत फरक परत येतो. मला एकदा १८४ डॉलरचा चेक आला. त्यात कामगारांचाही वाटा असतो, तीन महिन्यांत त्यांना द्यायचा. मी निम्मा वाटला.

स्वस्त म्हणून हल्ली 'लेव्हल-फंडेड' प्लॅन दाखवतात, म्हणजे उपचारांचा खर्च काही अंशी धंद्यानेच उचलायचा. त्यात परत तब्येतीचे प्रश्न विचारतात आणि वरचे वयाचे नियम त्याला लागत नाहीत. सगळी तरणीताठी माणसं असतील तर पहिल्या वर्षी खरंच स्वस्त पडतो. मी तो फॉर्म बघितला, २०११ चाच वाटला. काकूंसमोर तो पुन्हा धरायचा नाही हे माझं ठरलेलं आहे. तुमची जागा तुम्ही बघा, पण एक माणूस आजारी पडला तर दुसऱ्या वर्षी काय होईल हे एजंटकडून लिहून घ्या.

शेवटी तारीख. छोट्या ग्रुपची नेहमीची अडचण ही की पुरेशी माणसं नाव घालत नाहीत. तरुण पोरं नको म्हणतात, काहींचा नवऱ्याकडून विमा असतो, आणि कंपनी म्हणते तुमचा ग्रुप पुरा होत नाही. दर वर्षी १५ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या महिन्यात त्यांना या कारणावरून नाही म्हणता येत नाही. विमा १ जानेवारीपासून सुरू होतो. हा महिना बहुतेक एजंट आपणहून सांगत नाहीत. मागच्या वर्षी मला पाचातल्या तिघीच मिळाल्या होत्या. दिवाळीच्या फराळाची धांदल संपली आणि मी १८ नोव्हेंबरला अर्ज घातला. तिघींची कार्डं २९ डिसेंबरला आली. काकूंना मी त्याच आठवड्यात किचनच्या कॉम्प्युटरवर बसवलं, तो एक पानी फॉर्म शेजारी ठेवला, आणि त्यांनी आपला मार्केटप्लेसचा अर्ज स्वतः भरला. तब्येतीचा एकही प्रश्न आला नाही. "झालं एवढंच?" असं त्यांनी दोनदा विचारलं.